बाईंना पत्र : तिकिटामागची बाकी

दोन महिन्यांपूर्वी संपादकांनी या पानावर चौकट टाकली होती : 'वडिलांविषयी लिहा.' आईविषयी लिहा म्हटलं की पत्राच्या पहिल्याच ओळीत आई हजर असते, पदरासकट. या वेळच्या पत्रांत मात्र वडील दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत येतच नाहीत. आधी जमिनीचा तुकडा येतो, आधार कार्डावरचं नाव येतं, मुलाची गणिताची वही येते, नाहीतर फोन येतो. मग वडील, दाराशी चपला काढून दबकत आत आल्यासारखे. त्यातली तीन पत्रं इथे घेतली आहेत. जमिनीची सहा पत्रं वकिलांच्या पानाकडे दिली. हक्कसोडपत्रावर सही करायची घाई करू नका, एवढंच त्या सहाजणींना माझ्याकडून.

बाई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा, इचलकरंजीत राहतो, बँकेत क्लार्क आहे. गेल्या महिन्यात मुलाला भागाकार शिकवत होतो. तो चौथीत आहे. तिसऱ्यांदा तीच चूक झाली आणि माझ्या तोंडून निघालं, 'डोक्यात शेण भरलंय काय रे?' हात उचलला गेला. मारलं नाही, पण त्यानं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. बाई, ती मान माझी होती आणि ते वाक्य अण्णांचं होतं, जसंच्या तसं. अण्णा यंत्रमागावर होते. ते घरात आले की आम्ही तिघं भावंडं भिंतीला चिकटायचो. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आपण असा बाप व्हायचं नाही, हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. हे रक्तातच असतं का? बायको म्हणते, तुम्ही दिवसेंदिवस अण्णांसारखेच दिसायला लागलाय.

दिसायला लागलात ते लागू द्या. नाक, कपाळ, टक्कल रक्तातून येतं. चिडकेपणाही थोडाफार येत असेल. पण रक्तात वाक्यं नसतात. 'डोक्यात शेण' हे कानातून आलंय. आणि कानातून आत गेलेलं बदलायचं कसं, हे काम मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं केलंय. वेळ लागतो, पण बदलतं.

अण्णांचा तो आवाज घडला कुठं, याचा कधी विचार केलाय? मी एकदा तुमच्याच गावात एका विद्यार्थिनीच्या सासरी गेले होते. घराला लागून मागांची शेड. पाच मिनिटं आत उभी राहिले तर कान बधिर. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. त्यात बारा-बारा तासांची पाळी. दिवसभर ओरडून बोललेला माणूस संध्याकाळी आवाज कुठं उतरवून ठेवणार? मी अण्णांची वकिली करत नाही. तिघं पोरं भिंतीला चिकटत होती, ते कशानंही खोडलं जात नाही. पण तो आवाज शेडचा होता. तुमच्या काउंटरवर मागाचा खडखडाट नाही. तुम्हाला तो कशाला हवा?

आता माझ्या दादांचं सांगते. दादा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. पाटण तालुक्यातल्या वाड्यांवर जाणारी मुक्कामी गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. संध्याकाळी निघायचे, रात्र त्या गावात देवळात नाहीतर गाडीतच, आणि पहाटे दूधवाले आणि शाळेची पोरं घेऊन परत. आज हातात मशीन असतं. तेव्हा पत्र्याचा ट्रे, त्यात वेगवेगळ्या दरांच्या तिकिटांचे गठ्ठे, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात पंच. त्या पंचाची टिकटिक ऐकू आली की डुलक्या घेणारे प्रवासी जागे व्हायचे. सुट्टे नसले की दादा तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं लिहून द्यायचे, 'एवढे बाकी', आणि म्हणायचे, "उतरताना घ्या, मावशी." मावशी विसरली तर पुढच्या मुक्कामाला तिच्या दारात जाऊन द्यायचे. घरी मात्र बोलणं मोजकं आणि हात लगेच उठायचा.

१९७३ साली मी सातवीत होते. एका रविवारी दादांच्या हिशेबात पाच रुपये कमी आले. कमी आलेले पैसे कंडक्टरनं पदरचे भरायचे, आणि तेव्हा पाच रुपये म्हणजे आमच्या घरात आठवड्याचं तेल-मीठ. त्या सकाळी पिशवी मी हाताळली होती. मला तिचा चामड्याचा वास आवडायचा. दादांनी काही विचारलं नाही. डाव्या कानाखाली एक बसली. दुसऱ्या दिवशी रात्री ती नोट पिशवीच्या उसवलेल्या अस्तरात सापडली. आईनं मला सांगितलं, दादा काही बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी माझ्या भूगोलाच्या वहीत एक तिकीट होतं. आता कंडक्टरला तिकीट असंच फाडता येत नाही, एकूणएक तिकिटाचा नंबर वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, लागतो. म्हणजे दादांनी सगळ्यात कमी दराचं तिकीट स्वतःचे पैसे घालून काढलं होतं, रीतसर पंच करून. मागे पेन्सिलीनं, मावशीला लिहायचे तस्संच : '५/- बाकी'. खाली सही.

'चुकलो' म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं, आणि बारा वर्षांच्या पोरीला असलं कोडं घालायला नको होतं. ते पाच रुपये मी कधी मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत. पण पुढे वर्गात मी जेव्हा जेव्हा चुकीच्या पोराला ओरडले (पुष्कळदा ओरडले, साठ पोरांत कुणी शिट्टी मारली ते कळतं थोडंच), तेव्हा शाळा सुटायच्या आत त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन शब्द लिहिल्याशिवाय मला घरी जाववलं नाही. ही सवय दादांची. ओरडायची सवयही दादांचीच. दोन्ही त्याच पिशवीतून आल्या.

दुसरा एक बाप सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे : सुभेदार रामजी सकपाळ. १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी वडिलांविषयी लिहिलंय. वडील कबीरपंथी, मूर्तिपूजा न मानणारे, तरी घरात गणपती बसवायचे. शिस्त कडक. रोज रात्री झोपण्याआधी मुलांनी रामायण-महाभारतातला काही भाग बहिणींना आणि घरी आलेल्यांना वाचून दाखवायचा, हा नियम वर्षानुवर्षं चालला. एकदा मुलानं विचारलं, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची नालस्ती आहे, ते आम्ही का वाचायचे? वडिलांना प्रश्न आवडला नाही. खुळचट प्रश्न विचारू नका, तुम्ही पोरं आहात, सांगितलं तेवढं करा, असं म्हणून गप्प केलं.

इथपर्यंत तुमचे अण्णा, माझे दादा, कुणाचाही बाप. पुढची गोष्ट बघा. काही काळानं मुलानं पुन्हा तोच प्रश्न काढला. या खेपेला वडील उत्तर तयार ठेवून बसले होते. त्यांनी सांगितलं, आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल, तो जावा म्हणून हे वाचायला लावतो. द्रोण आणि कर्ण बघा, लहान माणसं केवढ्या उंचीवर गेली. वाल्मीकी कोळी होता, त्यानं रामायण लिहिलं. मुलाचं या उत्तरानं समाधान झालं नाही आणि त्यानं तेही वडिलांना सांगितलं. पण मधल्या काळात त्या कडक सुभेदारानं पोराच्या प्रश्नावर विचार केला होता, हे तर खरं. रामजी १९१३ साली गेले. त्रेचाळीस वर्षांनी मुलगा तो संवाद लिहून ठेवतोय.

तेव्हा तुमच्या मुलाकडे परत जा. अजून गेला नसाल तर आजच जा, महिना उलटलाय. 'त्या दिवशी मी ओरडलो ते चुकलं. तुझ्या डोक्यात शेण नाही' एवढंच म्हणा. 'पण तूसुद्धा लक्ष दिलं असतंस तर' हे शेपूट लावू नका. शेपूट लावलं की पोरांना फक्त शेपूटच ऐकू येतं. चारचौघांत म्हणू नका. आणि तो 'हं' म्हणून खेळायला पळाला तर पळू द्या, त्याला तुमची पोचपावती द्यायची सक्ती नाही.

राहता राहिला भागाकार. चौथीतली पोरं भागाकारात चुकतात तेव्हा दहातली आठ खरं तर वजाबाकीत नाहीतर पाढ्यात चुकलेली असतात. वही उघडा आणि चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते बघा. वजाबाकीत असेल तर चिंचोके घ्या, दहा-दहाचे गठ्ठे करा आणि उरलेले सुट्टे बाजूला ठेवा. गठ्ठा सोडवून सुट्टे करता येतात हे बोटांना कळलं की डोक्याला कळतं. दोघं फरशीवर बसा. खुर्चीवरून शिकवताना हात लवकर उचलला जातो, हा माझा स्वतःचा अनुभव.

बाई, मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. मला सातवा महिना आहे. मी सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले ते परत आले नाहीत. आईनं पोळ्या लाटून मला वाढवलं. तरी माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रापासून पॅन कार्डापर्यंत मधोमध त्यांचंच नाव. लग्नानंतर मी नाव बदललं नाही, कंटाळा म्हणून. आता बाळाच्या जन्माच्या दाखल्यावरून घरात चर्चा चाललीय आणि मला माझ्या नावातला तो माणूस काढून टाकायचाय. काढता येईल का? आणखी एक, हे कुणाला सांगितलेलं नाही. भांडी घासताना मी शिट्टीवर गाणं वाजवते. आई एकदा स्वयंपाकघराच्या दारात थबकली आणि म्हणाली, तो असाच वाजवायचा. त्या दिवसापासून मी शिट्टी बंद केली.

तुला 'तू'च म्हणते, माझ्या शेवटच्या तुकड्यांतल्या मुलींच्या वयाची आहेस.

आधी कागदाचं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव बंधनकारक केलंय. क्रम असा : बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे तुझ्या बाळाच्या नावात तू बसणार आहेस, तेही वडिलांच्या आधी. घरातली चर्चा तिथं संपली. तुझं स्वतःचं नाव बदलायचं तर राजपत्रात, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो त्यात, नावबदल छापून घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. मग ती प्रत दाखवून आधार, पॅन, बँक असं एकेक बदलत जायचं. जुन्या गुणपत्रिकांवर जुनंच नाव असणार, म्हणून राजपत्राची प्रत कायम त्यांच्यासोबत ठेव. काम किचकट नाही, कंटाळवाणं आहे. सातव्या महिन्यात रांगा लावू नकोस, बाळंतपण होऊ दे.

आईचं नाव मधे लावायचं मनात असेल तर मला ते फार आवडेल. पण आईला आधी विचार. पोळ्या लाटून मिळवलेल्या मानाची काहींना अशी जाहीर पावती नको असते.

माझं उलटं झालं. १९८४ साली लग्न झालं आणि दादांचं नाव माझ्या नावातून गेलं. कुणी विचारलंही नाही, हजेरीपटावर बदलून आलं. दादा एकदा शाळेत आले होते, भिंतीवरच्या पाटीवर माझं नवं नाव वाचलं आणि म्हणाले, "हे कोण?" गमतीत म्हणाले की कसं, ते मी विचारलं नाही. ज्या माणसानं वर्षानुवर्षं पहाटेच्या गाडीनं येऊन माझी फी भरली तो नावातून पुसला गेला, आणि तुझ्या नावात पळून गेलेला माणूस ऐसपैस बसलाय. नावाची रीतच अशी आंधळी, त्यात प्रेम शोधू नये आणि अपमानही.

शिट्टीचं वेगळं आहे. ती त्यानं तुला शिकवली का? तू लिहिलेलं नाहीस, बहुतेक तुला आठवतही नसेल. सहा वर्षांच्या आतल्या कुठल्यातरी संध्याकाळी ऐकली असशील आणि ओठांनी उचलली. तू बंद करेपर्यंत कितीतरी वर्षं ती तुझ्या भांड्यांबरोबर वाजत होती. त्यानं जेवढी वाजवली असेल त्याहून किती तरी जास्त तू वाजवली आहेस. ज्या जमिनीवर इतकी वर्षं कसणाऱ्याचा घाम पडतो तिथं सातबाऱ्यावर त्याचंही नाव लागू शकतं, मग ही तर शिट्टी. आई दारात थबकली, एवढंच तू लिहिलंस. चिडली असं लिहिलेलं नाहीस. तिला एकदा विचार, तो कोणतं गाणं वाजवायचा. ती सांगेल किंवा पोळीचं पीठ घेऊन बसेल. दोन्ही चालेल. पण तू वाजव. बाळाला ऐकू येत असणार.

आदरणीय बाई, मी ७१ वर्षांचा, रत्नागिरी जिल्ह्यात, टपाल खात्यातून निवृत्त. घराभोवती हापूसची थोडी कलमं आहेत. मुलगी बेंगळुरूला, मुलगा पुण्यात. दोघंही दर रविवारी फोन करतात. मी उचलला की 'कसे आहात बाबा', मी म्हणतो 'बरा आहे', मग 'आई आहे का?' आणि मी म्हणतो 'थांब, आईला देतो'. गेली १४ वर्षं हे असंच. मी मारलं नाही, व्यसन केलं नाही, शिक्षण दिलं. पण माझं असं त्यांच्यात काही उतरलंय का, हे मला कळत नाही. विचारायचं तरी कसं?

विचारू नका. 'माझं तुमच्यात काय आहे?' असं फोनवर विचारलंत तर मुलगी घाबरून पहिल्या गाडीनं येईल, बाबांना काय झालं म्हणून.

'थांब, आईला देतो' हे वाक्य महाराष्ट्रातल्या एकूण एक वडिलांनी कुठल्या शाळेत पाठ केलं ते मला शोधून काढायचंय. माझे दादा एसटीडी बूथवरून फोन करायचे, तेव्हा काचेमागच्या लाल आकड्यांवर डोळे ठेवून बोलायचे. 'बरी आहेस? बरं. पाऊस? बरं. ठेवतो.' सहा रुपयांच्या वर बिल गेल्याचं मला आठवत नाही. तुमच्या फोनला तर आता मिनिटांचे पैसेही पडत नाहीत.

पण खरं सांगू का, फोन हे तुमचं हत्यार नाहीच. तुम्ही टपालातले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वर्गवारी करून, शिक्के मारून जागेवर पोचवलीत. स्वतःच्या मुलांना किती लिहिलीत? तुमच्या पत्राचं अक्षर बघून मी हे म्हणतेय. सरळ, सुटं, समासाला धरून, कुठे खाडाखोड नाही. इतक्या पत्रांत असं एकच आलं. त्या दोघांपैकी कुणाचं अक्षर तुमच्यासारखं आहे, ते तुम्हाला माहीत आहे का? जुन्या वह्या माळ्यावर असतील तर काढून बघा. माझी पैज आहे, एकाचा तरी 'ज्ञ' तुमचा असेल.

पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं (५० पैशांचं नाणं मिळणं अवघड, पण ते चलनात आहे, हेही तुम्हाला ठाऊक). दर महिन्याला दोन लिहा, एक बेंगळुरूला, एक पुण्याला. उपदेश नको, तब्येतीची तक्रार नको, 'वेळ मिळाल्यास या' तर अजिबात नको. मोहोर कितपत आला, तुडतुडा पडला का, माकडांनी कुठलं कलम लुटलं, पहिली पेटी कधी भरली, पेंढा कुणी आणला. मुलगी लहानपणी ज्या कलमाखाली बसायची त्याचं काय चाललंय, तेवढं मात्र न विसरता. खाली 'बाबा'.

उत्तर लगेच येणार नाही. पोस्टकार्डाचं उत्तर कसं द्यायचं हेच त्यांना सुचणार नाही. एखाद्या रविवारी फोनवर मुलगी म्हणेल, 'बाबा, त्या पायरीजवळच्या कलमाला खरंच एवढा मोहोर आलाय?' तेव्हा फोन आईला देऊ नका.

आणि पिनकोड घालायला तुम्हाला मी सांगायला नको. १९७२ साली १५ ऑगस्टला तो देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते, हे मी मुलांना दर वर्षी सांगायचे. तुमच्या कचेरीत तर त्यांचं नाव माझ्याआधी पोचलं असेल.